बर्फवालीचा ब्रेक

ड्रायव्हिंग टेस्टला मी चौथ्यांदा नापास झाले, ती ब्रेक दाबल्यामुळे. न दाबल्यामुळे नव्हे, दाबल्यामुळे. अल ऐनचा सरळ, मोकळा रस्ता, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, आणि मी कचकन ब्रेक दाबला. का, तर लांब फुटपाथवर एक मांजर बसलं होतं. शेजारच्या पोलिसाने मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "खलास" म्हणून हातातल्या कागदावर रेघ ओढली. मागच्या सीटवर आपापल्या पाळीची वाट बघणाऱ्या तिघींनी माना खाली घातल्या. मी उतरले आणि दार आपटलं. दार आपटल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

हे नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टमधलं. मला अल ऐनला येऊन सहा वर्षं झाली होती. पुण्यात मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते, रोज सकाळी सातला मोपेडला किक मारून निघत होते, आणि मला कोणी सोडायला-आणायला लागत नव्हतं. इथे विमानातून उतरता उतरता माझी 'डिपेंडंट' झाली. पासपोर्टवर तसा शिक्काच होता. अल ऐन शांत, हिरवं, देखणं गाव, पण सगळं लांब लांब पसरलेलं. दूध संपलं तरी नवरा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. सहा वर्षं मी थांबले.

मग मुलगी मोठ्या वर्गात गेली, आणि मी हट्टाने अर्ज केला. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला घेतलंही. अट एकच होती: ड्यूटी पहाटे सहाला सुरू, त्यामुळे स्वतःची गाडी आणि लायसन्स हवं. एक जानेवारीला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला.

नवऱ्याने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

"हे बघ, प्रॅक्टिकली बोलू या," तो म्हणाला. त्याचं प्रत्येक कडू वाक्य याच शब्दांनी सुरू होतं. "जानेवारीत जॉइन झालीस तर उत्तम. नाही झालीस, तर मार्चमध्ये शाळा संपली की तुम्ही दोघी पुण्याला. एकट्याच्या सॅलरीत इथे फॅमिली ठेवण्यात काही पॉइंट नाही. मी बॅचलर फ्लॅट शेअर करीन."

"आणि मी?"

"तू आईबाबांजवळ. त्यांनाही सोबत होईल."

म्हणजे माझी उरलेली वर्षं कुठे जायची हे त्या टेबलावर ठरून गेलं होतं. नवरा दुष्ट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. टेस्टसाठी बायकांना नवऱ्याचं परवानगीचं पत्र लागायचं, तेही त्याने पहिल्याच दिवशी सही करून दिलं होतं. पण सही करताना तो हसला होता. ते हसू माझ्या डोक्यात गेलं आणि तिथेच बसलं.

मला शिकवायला एक हैदराबादी बाई होती. काळा बुरखा, पांढरी जुनी गाडी, आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. ती एका वेळी दोन बायका घ्यायची. एक चालवणार, दुसरी मागे बसून शिकणार, मग अदलाबदल. चौथ्या नापाशीनंतर पहिल्यांदा क्लासला गेले, तेव्हा मागच्या सीटवर एक नवीन बाई बसली होती. बसली होती म्हणजे सीट भरली होती. उंच, रुंद खांद्यांची, पिंगट केस मुलग्यासारखे कापलेले, वय माझ्याएवढंच, सदतीस-अडतीस. उजव्या दंडावर कोपरापासून वर इस्त्रीने भाजल्यासारखा मोठा गुळगुळीत डाग. तिचा नवरा हॉस्पिटलात सर्जन होता. ती युरोपच्या पूर्वेकडच्या एका छोट्या देशातली, आणि त्या देशाचं लायसन्स इथे चालत नव्हतं. इंग्रजांना, अमेरिकनांना एका दिवसात बदलून मिळायचं, तिला आमच्या रांगेत उभं केलं होतं. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही फार धड नाही, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

त्या दिवशी आधी ती चालवायला बसली. मी मागे. तिचे हात स्टिअरिंगवर इतके हलके होते की ती चालवतेय असं वाटतच नव्हतं, गाडी आपली आपण जातेय असं वाटत होतं. मला हेवा वाटला. मग समोर स्पीड ब्रेकर आला. हैदराबादी बाई म्हणाली, "ब्रेक." मग म्हणाली, "ब्रेक, जी." मग ओरडली. त्यानंतर आम्ही तिघी हवेत होतो आणि माझं डोकं टपाला लागलं होतं.

"काइकु ब्रेक नै मारते?" गाडी थांबवून हैदराबादी बाईने विचारलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ती नवी बाई शांतपणे म्हणाली, "ब्रेक इज नॉट माय जॉब."

आम्हाला वाटलं, हिचं इंग्रजी आमच्यापेक्षाही वाईट आहे. पण तिने नंतर घरी नेऊन नीट समजावलं. आमच्या शेजारच्याच कंपाउंडमध्ये तिचा व्हिला होता. बॉबस्ले नावाचा एक खेळ असतो. डोंगरावरून खाली वळत वळत येणारी बर्फाची नळी, तिच्यातून लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी एक बंद गाडी. दोघी पळत ती ढकलतात आणि उड्या टाकून आत बसतात. पुढची ती पायलट, ती दोन कड्या ओढून गाडी वळवते. मागची डोकं गुडघ्यात घालून बसते. तिला काही दिसत नाही, दिसायची गरजही नाही. एका मिनिटात खेळ संपतो, शेवटची रेघ ओलांडली की मागची ब्रेक ओढते. पायलटच्या हाताशी ब्रेक नसतोच. गाडी उलटली तर बर्फावर कातडी भाजून निघते, तिच्या दंडावरचा डाग त्यातलाच.

"मी चौदा वर्षं पायलट होते," ती म्हणाली. "ताशी सव्वाशे किलोमीटर. ब्रेक मागचीचा. तुमचा पोलीस म्हणतो मला गाडी येत नाही."

स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक चांदीचा चषक होता. त्यात तिने कपड्यांचे चिमटे ठेवले होते. मी तो हातात घेऊन बघितला, तर खाली बारीक अक्षरांत काहीतरी कोरलेलं. बायकांच्या शर्यतीत सलग तीन वर्षं पहिली, असं ते आहे म्हणून तिने सांगितलं.

नवऱ्याला मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "वाळवंटात बर्फवाली! आणि तुला बरोबर तीच सापडली." त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव बर्फवाली पडलं. तो चिडवायला म्हणायचा, मी प्रेमाने म्हणायला लागले.

तिच्या हकिकती मी रोज संध्याकाळी ऐकत असे. तिच्या गावातच तो बर्फाचा उतार होता. वडील रात्रंदिवस त्यावर पाणी मारून बर्फ सारखा करायचे. मुलगे गाडीत बसायचे, मुलींनी त्यांचे कोट सांभाळायचे. हिने एक दिवस कोट खाली टाकले आणि गाडीत बसली. पुढे बायकांच्या शर्यती सुरू झाल्या, पण कशा, तर पुरुषांची शर्यत दुपारी, लोक, बँड, गरम दारू. बायकांची सकाळी सातला, प्रॅक्टिस म्हणून. तिने चषक जिंकला तेव्हा बघायला वडील होते आणि बर्फ झाडणारे दोघे. हिवाळ्यातल्या मोठ्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना जागाच नव्हती. तिने विचारलं तर फेडरेशनच्या डॉक्टरने सांगितलं, एवढ्या वेगाने बाईचं गर्भाशय खाली सरकेल.

मी हसून हसून लोळले. मोपेड घेतली तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला हेच, शब्दाला शब्द, सांगितलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" तिने विचारलं.

"किक मारली."

तिने पुढे होऊन माझ्या पाठीत एक थाप मारली. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वजन विचारलं. कोणी वजन विचारलं की माझा तिळपापड होतो. मंडळाच्या हळदीकुंकवात बायका "गल्फ मानवलं हं तुम्हाला" म्हणतात तो टोमणा मला कळतो. पण हिच्यापुढे मी खरं सांगितलं, अठ्ठ्याहत्तर. ती एकदम गंभीर झाली. "असे पाय माझ्या मागे असते तर," ती म्हणाली, "मी चार वर्षं जिंकले असते." माझ्या आकाराचं आयुष्यात कोणी केलेलं हे पहिलं कौतुक.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने मला विचारलं, "टेस्टचा रस्ता तुला पाठ आहे का?"

मी म्हटलं, पोलीस सांगतो तिकडे वळायचं असतं. यमीन म्हटलं की उजवीकडे, यसार म्हटलं की डावीकडे. पाठ काय करायचं?

"तोच तोच रस्ता घेतात ना?"

तसा तोच होता. ट्रॅफिक ऑफिसपासून निघून सात राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचे गोल चौक, तीन स्पीड ब्रेकर, एक शाळा आणि परत. अल ऐनमध्ये राउंडअबाउटना तोटा नाही.

"मग तू न चालता कशी चालवतेस?" तिला खरंच नवल वाटलं. तिच्या खेळात शर्यतीच्या आधी पायलट सगळा उतार पायी चालत जाते. बुटांना खिळे लावून. प्रत्येक वळणाशी थांबते, वाकून बर्फावर हात फिरवते, कुठे शिरायचं, कुठून बाहेर पडायचं ते बघते. मग खोलीत येऊन डोळे मिटून तोच उतार पन्नास वेळा मनात उतरते. ती म्हणाली, ज्या रस्त्यावरून मी चाललेली नाही, त्यावर मी गाडी घालत नाही.

म्हणून आम्ही चालायला लागलो. सकाळी सहाला, मुलीला बसमध्ये बसवलं की. सप्टेंबरमध्ये अल ऐनला सकाळी सहालाही अंगातून पाणी निथळतं. माझी पंजाबी ड्रेसची ओढणी डोक्यावर, तिच्या डोक्यावर तिच्या नवऱ्याची टोपी, आणि आम्ही दोघी आडव्या अंगाच्या बायका मोठ्या रस्त्याच्या कडेने निघालेल्या. त्या गावात पायी चालतं कोण? हॉर्न वाजायचे. दोनदा टॅक्सीवाल्यांनी थांबून पैसे न घेता सोडतो म्हटलं, त्यांना वाटलं आमची गाडी बंद पडली. पहिल्या राउंडअबाउटपाशी ती गुडघ्यावर बसली आणि डांबराला हात लावून बघितला. मीही लावला. चटका बसला.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेच्या बसने आम्हाला पाहिलं. घरी आल्यावर ती दप्तर फेकून म्हणाली, "आई, नोबडी वॉक्स हिअर! एव्हरीवन सॉ यू टचिंग द रोड!"

"मग त्यांना सांग, माझी आई टेस्टचा अभ्यास करतेय."

"इट्स सो एम्बॅरसिंग!"

"असू दे," मी म्हटलं. "मार्चमध्ये पुण्याला जायचं नसेल तर थोडं एम्बॅरस हो."

तिने फेकलेलं दप्तर उचललं. पुण्याचं तिला आम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून गेलं, आणि मला ते नंतर टोचलं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःहून तिचं घड्याळ मला दिलं, त्यात सेकंद मोजायची सोय होती.

कारण आता घरातही सराव सुरू झाला होता. बर्फवालीने माझ्याकडे दोन कड्या मागितल्या. मी जुन्या पितळी बांगड्या काढून दिल्या. तिने परकराच्या दोन नाड्या घेतल्या, एकेक बांगडीला बांधली आणि दुसरी टोकं गॅसच्या सिलिंडरला. मी स्टुलावर बसायचं, दोन्ही हातांत बांगड्या धरायच्या, डोळे मिटायचे आणि ट्रॅफिक ऑफिसच्या दारातून निघायचं. पहिला राउंडअबाउट, खजुराची झाडं, थांब, डावीकडून कोणी नाही, शीर. बाहेर पड. पुढे मशीद, मग पहिला स्पीड ब्रेकर. अकरा मिनिटं लागायची. ती शेजारी उभी राहून स्वतःचा उतार उतरायची, तिचं एक मिनिट. मुलगी दोघींची वेळ लावायची. दहादा उतरली तरी बर्फवालीची वेळ एका सेकंदानेही चुकायची नाही. सहा वर्षं तिने बर्फ पाहिला नव्हता.

एकदा असंच चाललेलं असताना नवरा लवकर घरी आला. बायको सिलिंडरला नाड्या बांधून डोळे मिटून डोलतेय, शेजारी एक परकी बाई डोळे मिटून डोलतेय आणि मुलगी घड्याळ घेऊन उभी, हे त्याने पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"अहो, बोलू नका. मी शाळेपाशी आहे."

त्याने कपाळाला हात लावला. "अगं, चार वेळा फेल झालीस ती ड्रायव्हिंगमध्ये. ह्या नाटकांनी काय होणार आहे?"

मी शाळेपासून ट्रॅफिक ऑफिसपर्यंतचा रस्ता पूर्ण केला, मग डोळे उघडले. "जानेवारीपर्यंत मला हसायचं नाही," मी म्हटलं. "त्यानंतर काय हसायचं ते हसा." माझा आवाज चढला होता. बर्फवालीला मराठी येत नव्हतं, पण ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

ऑक्टोबरमध्ये मी पाचव्यांदा टेस्टला बसले आणि पाचव्यांदा नापास झाले. यावेळी भीतीने नाही. डोळ्यांपुढे सगळा रस्ता स्वच्छ होता, ब्रेक मी एकदाही उगाच दाबला नाही. राउंडअबाउट आला आणि मी तिने शिकवल्याप्रमाणे घेतला, बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर, लोण्यातून सुरी फिरावी तसा. तीन लेन मी एका दमात कापल्या. डावीकडून येणाऱ्या पाण्याच्या टँकरने असा हॉर्न दिला की पोलिसाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. त्याने खलाससुद्धा म्हटलं नाही. नुसतंच "उतर" अशी खूण केली.

मी तडक तिच्या घरी गेले आणि भांडले. म्हटलं, तुझ्या बर्फाने माझं वाटोळं केलं. माझ्या हातात दोन महिने उरलेत आणि मी तुझ्या नादाने डांबर चाचपत फिरतेय. मी रडले, रागाने. ती आधी हसली, टँकरचा भाग ऐकून. मग तिचं हसू मावळलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "माझ्या रस्त्यावर मी एकटीच असते. दुसरी गाडी मी कधी पाहिलीच नाही." थोडा वेळ ती चषकातले चिमटे उगाच चाळवत बसली. "म्हणूनच मी पण नापास होते. तुझ्या रस्त्यावर लोक आहेत. ते तुला येतं. मला शिकव."

मग आम्ही तोच रस्ता पुन्हा चालायला लागलो, यावेळी मी पुढे. टँकर कुठून येतात, शाळेची बस कुठे थांबते, कोणत्या लेनमधून कोण घुसतं ते मी तिला दाखवलं आणि दाखवता दाखवता माझंही पक्कं झालं. ब्रेकचं मात्र तिला जमेना. डोक्याने कळायचं, पायाला कळायचं नाही. शेवटी क्लासमध्ये मी तिच्या मागे बसून युक्ती केली. स्पीड ब्रेकर आला की तिच्या सीटच्या पाठीत गुडघा रोवायचा. गुडघा लागला की तिचा पाय आपोआप ब्रेकवर. मागच्या माणसाने सांगितलेलं तिला लगेच समजायचं. हैदराबादी बाईने हे पाहिलं आणि "अल्ला" म्हणून खिडकीबाहेर बघायला लागली.

त्याच दिवसांत तिला घरून फोन आला. दोन हजार दोनच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉबस्ले घेणार, ठरलं. ती अनवाणीच पळत आमच्या दारात आली. मला वाटलं कोणी गेलं.

"जाणार?" मी विचारलं.

"तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची असेन," ती म्हणाली. "फेडरेशनवाले म्हणाले, म्हातारे, तू कशाला येतेस."

"मग तू काय म्हणालीस?"

तिने नुसता उजवा पाय उचलून हवेत किक मारली.

नोव्हेंबरच्या शेवटी आमची दोघींची टेस्ट एकाच गाडीत आली. डिसेंबरात ती सरावासाठी मायदेशी निघणार होती, त्यामुळे तिची ही शेवटची, आणि माझ्यासाठीही शेवटचीच, पुढची तारीख जानेवारीत मिळत होती. पोलीस तोच, टँकरवाला. मला पाहून त्याने दाढी कुरवाळली. आधी तिला बसवलं. मी चपळाईने तिच्या बरोबर मागची जागा पकडली. पहिला स्पीड ब्रेकर, गुडघा, ब्रेक. दुसरा, गुडघा, ब्रेक. पोलीस "तमाम, तमाम", म्हणजे छान छान, म्हणायला लागला. मग त्याचं लक्ष आरशात गेलं. त्याने गाडी थांबवायला लावली, मला उतरवलं आणि मागेच दुसऱ्या टोकाला, त्याच्या पाठीशी बसवलं. तिसरा स्पीड ब्रेकर आला तेव्हा मी मनातल्या मनात ओरडत होते. आम्ही सगळेच हवेत गेलो.

"खलास," पोलीस टोपी सावरत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "इंती. यल्ला." म्हणजे तू, चल.

तो चिडला होता, आणि आमची लबाडी त्याला कळली होती. मी बसले, आरसा सारखा केला. मला भीती वाटायच्या ऐवजी भयंकर राग आला होता, त्याचा, नवऱ्याचा, त्या डॉक्टरचा, सकाळी सातच्या शर्यतींचा. मी गाडी सोडली. पुढचा प्रत्येक दगड माझ्या ओळखीचा होता. इथे आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. इथे तिची टोपी उडाली होती. राउंडअबाउटपाशी थांबले, टँकर येणार हे मला आधीच माहीत होतं, तो आला, गेला, मग मी माझ्या लेनमधून निघाले आणि माझ्याच लेनमधून बाहेर पडले. शाळेपाशी हळू. एक मांजर खरंच आडवं गेलं, त्याच्यापुरता ब्रेक दाबला, तेवढाच. ट्रॅफिक ऑफिसच्या दारात गाडी उभी केली तेव्हा पोलीस बराच वेळ लिहीत बसला. मग म्हणाला, "गुड." आणि कागद हातात दिला.

मी मागे वळून पाहिलं. ती नापास झालेली बाई दोन्ही मुठी वर करून बसली होती.

एक जानेवारीला मी लॅबमध्ये रुजू झाले आणि तिथे पुढे नऊ वर्षं काढली. मार्च आला आणि गेला, त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. बर्फवाली ऑलिम्पिकला गेली नाही. निवडीच्या शर्यतीत तिसरी आली, न्यायच्या होत्या दोन, आणि मधलं अंतर पापणी लवण्याइतकं. तिच्या पत्रात याबद्दल एकच ओळ होती. बाकीचं पान भरून तिने लिहिलं होतं, की त्या हिवाळ्यात तिच्या गावी बायकांची शर्यत झाली, ती दुपारी बारा वाजता झाली, लोक होते, बँड होता, आणि उतार ठीक आहे का हे बघायला सगळ्यांच्या आधी जी गाडी सोडतात, ती तिने चालवली. सासूबाई त्या वर्षी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी ते पत्र मराठीत वाचून दाखवलं, मुद्दाम मोठ्याने.

पण मला ती आठवते ती डिसेंबरातल्या तिच्या निघण्याच्या दिवशीची. तिच्या नवऱ्याला हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं होतं, म्हणून तिला दुबईच्या एअरपोर्टवर आम्ही सोडणार होतो. लायसन्स हातात येऊन आठ दिवस झाले होते. माझ्या नवऱ्याने सवयीने किल्ली उचलली. मी हात पुढे केला.

"हायवे आहे," तो म्हणाला. "सव्वाशे किलोमीटर. प्रॅक्टिकली बघ जरा."

"अहो, किल्ली द्या."

त्याने दिली. तो पुढे माझ्या शेजारी बसायला निघाला, तशी ती बॅग ठेवून मागचं दार उघडू लागली. पाहुणी म्हणून त्याने तिला पुढची जागा देऊ केली. तिने मान हलवली. ती माझ्या बरोबर मागे बसली, तिचं शर्यतीतलं जुनं हेल्मेट मांडीवर घेतलं, आणि मी गाडी सुरू करताच तिने डोकं गुडघ्यात घातलं.

"हिला मळमळतंय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ती बसलीय."

बर्फावरच्या चौदा वर्षांत ती कधी मागे बसली नव्हती. गाव सुटेपर्यंत सगळे राउंडअबाउट मी घेतले आणि तिने एकदाही मान वर केली नाही. नवऱ्याचा उजवा पाय मात्र खाली नसलेला ब्रेक सारखा दाबत होता. "अगं, ट्रक. अगं, हळू. अगं, उंट." उंट कुंपणापलीकडे होते. हायवेला लागल्यावर ती उठून बसली, आम्ही गाणी लावली, मेथीचे ठेपले खाल्ले. दुबईच्या वेशीवरची रास अल खोरची गोदामं दिसायला लागली आणि गर्दी वाढली, तशी मी गाणी बंद केली. एअरपोर्टच्या वळणांपाशी मी आरशात पाहिलं. तिचं डोकं पुन्हा खाली गेलं होतं.

डिपार्चरची कमान समोर आली. पुढे टॅक्स्यांची रांग होती, अजून लांब होती.

"ब्रेक," नवरा म्हणाला. "अगं, ब्रेक दाब. दाब ना!"

मी दाबला नाही. गाडी हळूच चालू ठेवली आणि वाट बघितली. कमान डोक्यावरून मागे गेली, आणि माझ्या सीटच्या पाठीत एक गुडघा रुतला.

मग मी ब्रेक दाबला.